अण्णांना सांग, जेवायला वाढलंय

आमच्या घरात भांडण झाले की आवाज वाढत नसे, कमी होत जात असे. आधी रेडिओ बंद होई, मग आई-अण्णांचे बोलणे तुटक होत होत थांबे, आणि स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण जरा जोराने टेकले गेले की मला कळे, अबोला सुरू झाला. मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर मी गृहपाठाची वही घेऊन बसलेली असे. आतून आई म्हणे, "अण्णांना सांग, जेवायला वाढलंय." अण्णा पाच-सहा हातांवर वर्तमानपत्र वाचत बसलेले असत, त्यांना ते ऐकू गेले आहे हे आईलाही माहीत असे आणि मलाही. तरी मी बाहेर मान वळवून सांगे, "अण्णा, जेवायला वाढलंय." ते म्हणत, "सांग, भूक नाही." मग मी पुन्हा आत वळे आणि सांगे, "आई, भूक नाही म्हणतात." मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि हा निरोप नेण्या-आणण्यात काही वेगळे आहे असे मला वाटत नसे. सगळ्यांच्याच घरी मधल्या उंबऱ्यावर एक मूल बसलेले असेल, अशी माझी समजूत होती.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर आई दुधाचा हिशेब लिहीत असे. त्याच चौकटींच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने बारीक ठिपके देऊ लागले. अबोल्याचा प्रत्येक दिवस म्हणजे एक ठिपका. १९९४च्या भाद्रपदात असे एकोणीस ठिपके झाले. त्या एकोणीस दिवसांत गणपती आले आणि गेले. पाहुणे घरात असतील तेवढा वेळ आई आणि अण्णा एकमेकांशी व्यवस्थित बोलत, "अहो, त्यांना मोदक वाढा ना," असे आई हसून म्हणे, आणि शेवटचा पाहुणा फाटकाबाहेर पडला की घर पुन्हा मिटून जाई. पाहुण्यांनी आणखी थोडे थांबावे म्हणून मी त्यांच्या चपला लपवून ठेवल्याचे आठवते. पुढे अनेक वर्षे मी फार आतिथ्यशील मुलगी म्हणून नावाजली गेले.

मुलांना काय कळते, लहान आहे, विसरून जाईल, ही वाक्ये आपल्याकडे इतक्या सहज उच्चारली जातात की ती म्हणणाऱ्याच्या मनात कोणताही दुष्टावा नसतो. मात्र मुलाला कळत असते, आणि जे कळत नाही त्याची जागा ते स्वतःच्या तर्काने भरून काढते. त्या वयाचा तर्क साधा असतो: घरात जे घडते ते माझ्यामुळे घडते. त्या एकोणीस दिवसांच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेच्या सहलीसाठी पैसे मागितले होते. भांडणाचे खरे कारण अण्णांनी आईला न विचारता आपल्या भावाला दिलेली रक्कम हे होते, हे मला तीस वर्षांची झाल्यावर कळले. नवव्या-दहाव्या वर्षी मला एवढेच दिसले की मी काही मागितले आणि घर बंद पडले. त्यानंतर मी मागणे सोडून दिले. आठवीत मला फळ्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली, तेव्हा मी शेजारच्या मुलीच्या वहीतून पाहून लिहीत संपूर्ण वर्ष काढले. चष्मा लागला आहे हे घरात सांगायचे म्हणजे खर्च सांगायचा, आणि खर्च सांगायचा म्हणजे पुन्हा ठिपके. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर "समजूतदार" असा शेरा असे. समजूतदार मुलांविषयी मला आजही काळजी वाटते. वर्गातल्या दंगेखोर मुलाकडे कोणीतरी लक्ष देतेच, पण कधीच काही न मागणारे मूल कुणाच्या नजरेत भरत नाही.

या सगळ्याचा हिशेब शरीराने पुढे मांडला. एम.ए.साठी पुण्यात वसतिगृहात राहत असताना माझी खोलीतली मैत्रीण परीक्षेच्या काळजीने एक दिवस गप्प होती, तर मी तिची तीन वेळा माफी मागितली. कशाबद्दल, असे तिने विचारल्यावर मला उत्तर देता आले नाही. कुणी गप्प झाले की माझ्या पोटात गोळा येई, हातपाय गार पडत आणि त्या माणसाचा चेहरा पुन्हा पूर्ववत होईपर्यंत मला एक पान वाचता येत नसे. पोटदुखीसाठी दोन वर्षे तपासण्या झाल्या. सगळे अहवाल ठीक निघाले. पुढे एका हिवाळ्यात सकाळी अंथरुणातून उठणेच अशक्य झाले, केस विंचरण्याचाही थकवा येऊ लागला, आणि आपण नसलो तर घरातला एक खर्च कमी होईल, असा विचार अगदी शांतपणे, एखाद्या बेरजेसारखा मनात येऊ लागला. त्या शांतपणाची भीती वाटून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. औषधे सुरू झाली, आणि समुपदेशनासाठी ज्या बाईंकडे मला पाठवले त्यांनी तिसऱ्या भेटीत विचारले, "घरात भांडण झालं की तुम्ही कुठे असायचात?" आई काय करायची, वडील काय करायचे, हे मला अनेकांनी विचारले होते. मी कुठे असायचे, हे कुणी विचारले नव्हते. मी म्हणाले, "उंबऱ्यावर," आणि मग बराच वेळ मला पुढे बोलता आले नाही.

बरे वाटू लागल्यावर मी या विषयावर वाचत गेले. शिक्षिका असल्यामुळे तो स्वभावच आहे. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७५मध्ये मांडलेला एक साधा प्रयोग मला अजूनही बेचैन करतो. काही महिन्यांच्या बाळाशी आई नेहमीसारखी हसत-बोलत खेळते आणि मग सांगितल्यावरून दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती पाहत राहते. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, म्हणजे आईला परत आणण्याचे जेवढे उपाय त्याच्यापाशी असतात तेवढे सगळे करून पाहते, आणि काहीच चालत नाही असे दिसल्यावर मान वळवून घेते, अंग सैल सोडते. मोदकाचे ताट घेऊन दोघांच्या मधे उगाच फिरणारी, पाढे मोठ्याने म्हणून दाखवणारी, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून झोपणारी मी मला त्या बाळात दिसले. पण ट्रॉनिक यांच्या कामातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि तो कमी सांगितला जातो. प्रेमळ, निरोगी नात्यांतही आई आणि बाळ यांचे सूर बराचसा वेळ जुळलेले नसतातच. जुळलेला वेळ त्यांना साधारण तीस टक्केच आढळला. मूल घडते ते सूर बिघडल्यावर तो पुन्हा लागतो, या रोजच्या अनुभवातून. आमच्या घरी सूर बिघडत होता हे विशेष नव्हते. तो केव्हा आणि कसा लागला, हे माझ्यापर्यंत कधी पोचत नव्हते. एके दिवशी सकाळी आई अण्णांना परस्पर चहा देताना दिसे, आणि मी ठिपके थांबवी. काय झाले होते, कसे मिटले, यावर एक अक्षर कोणी बोलत नसे.

मार्क कमिंग्ज या संशोधकाने १९८०च्या दशकापासून नेमका हाच प्रश्न हाती घेतला. मोठ्या माणसांची निरनिराळ्या प्रकारची भांडणे मुलांना दाखवायची आणि मुलांवर काय परिणाम होतो ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. मुलांना आरडाओरड्याइतकाच शब्दांविना व्यक्त होणारा रागही अस्वस्थ करतो, हे त्यातून दिसले. मिटलेल्या भांडणाने मुलांची अस्वस्थता बरीच कमी झाली. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे की, भांडण बंद दाराआड मिटले आणि नंतर मुलांना ते मिटल्याचे नुसते सांगितले, तरीही मुलांना दिलासा मिळाला. हे वाचले त्या रात्री मी खूप रडले. "आमचं पैशांवरून वाजलं होतं, तुझ्यावरून नाही, आणि आता ठीक आहे," एवढे एक वाक्य मला पुरले असते, आणि ते म्हणायला कोणाला एक पैसाही लागला नसता.

बालपणीच्या आघातांविषयी सर्वाधिक उल्लेख होतो तो व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९८च्या अभ्यासाचा. सान दिएगोतल्या हजारो प्रौढांना मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण अशा अनुभवांविषयी विचारले गेले, आणि असे अनुभव जितके अधिक तितके पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारापर्यंतचे धोके अधिक, असे पायरीपायरीने चढणारे नाते समोर आले. त्या अभ्यासाने फार मोठे काम केले. तरीही समाजमाध्यमांवर त्याची प्रश्नावली सोडवून मुले स्वतःला एक आकडा चिकटवून घेतात, ते पाहून मला वाईट वाटते. हा आकडा एकेका व्यक्तीचे भविष्य सांगण्यासाठी नाही, असे खुद्द अँडा यांनी २०२०मध्ये लिहिले आहे. माझा आकडा तर जवळजवळ शून्य येतो. आमच्या घरात कुणी कुणावर हात उचलला नाही. अण्णांनी कधी दारूला स्पर्श केला नाही. त्यामुळे आपल्याला त्रास होण्याचा अधिकारच नाही, असे मला पुष्कळ काळ वाटत राहिले, आणि या वाटण्यानेही माझी काही वर्षे खाल्ली.

ज्यांच्या घरात हात उचलला जातो त्यांची संख्या आपल्याकडे लहान नाही, हे मात्र सांगितलेच पाहिजे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्र आणि गोव्यासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतल्या दर तीनांपैकी दोन मुलांनी शारीरिक मारहाण सोसली होती, आणि कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. दर दोनांतल्या एका मुलाने भावनिक छळाचा अनुभव सांगितला. शाळेत मुलाला मारण्यास २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरात मात्र "बापाचा धाक असावा" हे वाक्य अजून कौतुकाने म्हटले जाते. धाक आणि आदर हे शब्द आपण इतके जवळजवळ ठेवले आहेत की ज्याला धाक वाटतो तो आदर करतो, असे आपल्याला खरोखरच वाटते.

आता मी सांगलीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. माझ्यासमोर बसलेली मुले सोळा-सतरा वर्षांची असतात. मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये अमेरिकेतल्या पाहणीवरून दाखवले. म्हणजे मी हजेरी घेते तेव्हा काही नावांच्या आत ती सुरुवात होऊन गेलेली असणार. दर जूनमध्ये मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात १४४१६ हा आकडा लिहिते आणि तो पुसू देत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, त्या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत, एवढेच सांगते. मुले तो लिहून घेत नाहीत. पण तास संपल्यावर एखादे मूल पाण्याची बाटली विसरल्याच्या निमित्ताने परत येते आणि फळ्याकडे पाहून जाते.

दोन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातला एक मुलगा वर्गात होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला आमच्याच भागात येत; उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन, जोडप्याने, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एक कोयता होऊन. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ते गाव सोडत ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परतत, आणि हा लहानपणापासून तेवढे महिने आजीपाशी राहत असे. त्याची काळजी वाटून मी त्याला वेगळे बोलावले. मला त्याच्यात शोधायचे होते ते दुखणे तिथे नव्हते. तो म्हणाला, "मॅडम, आई निघायच्या आदल्या दिवशी मला सगळं सांगायची. किती उचल घेतली, किती फिटायची राहिली, कोणत्या फडावर जाणार, कधी येणार. मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून सांगते. आजी म्हणायची, पोराला कशाला हिशेब, तर आई म्हणायची, त्याच्यापायीच चाललोय ना, त्याला नको का ठाऊक?" हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशके माग काढला, अतिशय खडतर घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सशक्त, प्रेमळ माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते, कित्येकदा आजी-आजोबांपैकी कोणी. त्या मुलाला आजी होती, आणि शिवाय सहा महिने दूर राहूनही त्याच्याशी खरे बोलणारी आई होती. तिच्या गरिबीला कोणी दुर्लक्ष म्हणू नये. उचलीच्या चक्रात अडकलेल्या आईवडिलांना "मुलांना वेळ द्या" असा उपदेश करणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मुलाचे बोलणे ऐकल्यावर मला अण्णा समजले, असे म्हटले तर ते खरे होईल. अण्णा मूळचे जतकडचे. १९७२च्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते. गावात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि सुकडी होती, आणि आजोबा-आजी तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. एक दिवस आजोबांनी अण्णांना मिरजेला मामांकडे आणून सोडले. किती दिवसांसाठी, हे कोणी सांगितले नाही. ते सात वर्षे तिथे राहिले. मामा वाईट नव्हते, पण त्या घरात आधीच पाच मुले होती, आणि जेवताना "मला हवे" किंवा "मला नको" यांतले काहीही न म्हणणे हा तिथे टिकून राहण्याचा एकच मार्ग त्या दहा वर्षांच्या मुलाला दिसला. हे सारे त्यांनी मला गेल्या वर्षी, दातांच्या डॉक्टरांकडे रांगेत बसलो असताना, समोरच्या भिंतीकडे पाहत सांगितले. "परक्याच्या घरी तोंड उघडायचं नसतं, ती सवय लागली," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मग आपल्या घरीही सुटली नाही." माझ्या लहानपणी मला शिक्षा वाटलेले त्यांचे मौन हे त्यांच्या दृष्टीने एका मुलाने वाचवून ठेवलेली स्वतःची जागा होती. हे कळल्याने माझी ती वर्षे बदलली नाहीत. पण त्यांच्यावरचा माझा राग आता एका माणसावर पूर्वीसारखा एकवटत नाही; तो तलावाच्या त्या कामापर्यंत मागे जातो आणि तिथे विरळ होतो.

आईला विचारायला मला अधिक धीर लागला. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. "तू तेव्हा बोलत का नव्हतीस?" असे विचारल्यावर ती बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "बोलले असते तर ऐकलं असतं कुणी? पैसा त्यांचा, क्वार्टर त्यांच्या नोकरीचं. गप्प बसणं तेवढं माझ्या हातात होतं." आणि मग तिने जे सांगितले त्याची मला कल्पनाच नव्हती. तिच्या माहेरी आजोबा आजीला मारत. त्या ओरडण्याने ती लहानपणी पांघरुणात शिरून कान दाबून घेत असे. आपल्या मुलीच्या कानावर भांडणाचा आवाज पडू द्यायचा नाही, असे तिने लग्नाआधीच ठरवले होते. "तुला काही ऐकू येऊ नये म्हणून मी बोलत नव्हते गं," ती म्हणाली. तिने मला जे द्यायचे ठरवले होते ते तिच्या समजुतीप्रमाणे पूर्ण दिले होते. मी तिला ठिपक्यांविषयी सांगितले. तिने मेथीचे देठ एका बाजूला सारले, आणि एवढेच विचारले, "एकोणीस?"

त्यानंतर दोन दिवस तिने फोन केला नाही, आणि माझ्या पोटात तो जुना गोळा आला. चाळीशी ओलांडल्यावरही येतो. फरक इतकाच की आता तो आला म्हणजे काय आले आहे हे मला ओळखता येते, आणि मी वाट न पाहता स्वतः फोन करते. मी केला तेव्हा संध्याकाळ होती. आईचा आवाज जड होता. इकडचे-तिकडचे बोलणे झाल्यावर ती सवयीने म्हणाली, "बरं, अण्णांच्या फोनवर त्यांना सांग, जेवायला वाढलंय, बाहेर ओसरीवर बसलेत." मी म्हणाले, "आई, तूच सांग ना." पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. मग फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, तिची पावले दूर जाताना ऐकू आली, आणि दाराशी थांबून तिने हाक मारली, "अहो." पुढचे बोलणे मला नीट कळले नाही, बाहेरून गाडी गेली असावी. थोड्या वेळाने खुर्ची सरकली, पाट मांडल्यासारखे काहीसे वाजले, आणि कुणीतरी कुणाला काहीतरी विचारत असल्याचा बारीक आवाज येत राहिला. फोन अजून ओट्यावरच होता, आणि मी तो ठेवला नाही.